अण्णांनी ताल धरला

"आई, लवकर ये! अण्णांनी ताल धरला बघ!"

शिरीष ओरडला आणि मोबाइल माझ्या डाव्या हातावर रोखून उभा राहिला. आतून विमल पदराला हात पुसत आली. माझा डावा हात हवेत चाचपडत होता. ताल वगैरे काही धरत नव्हता. शिरीषनं तो डबीएवढा स्पीकर माझ्या उशाशी स्टीलच्या पिंपावर ठेवला होता. सनई वर चढली की पिंप थरथरायचं आणि माझ्या कानाशी कुणी पत्रा ओढतंय असं वाटायचं. मला तो स्पीकर उचलून शेजारच्या लाकडी स्टुलावर ठेवायचा होता, बस्स. हात वीतभर कमी पडत होता.

"अण्णा, मजा येतेय ना?" शिरीषनं विचारलं.

"ठीक," मी म्हणालो.

तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेला. माझ्या साताऱ्याच्या मेहुण्यानं हात जोडलेली सहा चित्रं पाठवली. पिंप संध्याकाळपर्यंत थरथरत राहिलं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांचा होतो आणि दोन महिन्यांपूर्वी दुकानात वायर सोलता सोलता माझ्या अंगावरून वारं गेलं होतं. तासगावात 'भालचंद्र साउंड सर्व्हिस' म्हणजे मी. चाळीस वर्षं लग्नं, उरूस, गणपती, प्रचारसभा, जिथं जिथं माणसं जमतील तिथं भोंगे बांधले. एका दुपारी उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि शब्द गेले. डोकं मात्र जागच्या जागी राहिलं. सगळं कळत होतं, सगळं आठवत होतं, पण बोलायला गेलं की तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा, 'ठीक'. धंद्याच्या दिवसांत मंडपाच्या दुसऱ्या टोकाहून पोरं विचारायची, अण्णा, आवाज बरोबर आहे का? आणि मी ओरडायचो, ठीक! तेवढा एक माझ्याकडे उरला होता. पाणी पाहिजे का? ठीक. पाणी नको का? ठीक. पाय दुखतोय का? ठीक. मी रागानं लाल होऊन म्हटलं तरी शब्द तोच.

सांगलीहून मुजावर मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. गेलेलं बोलणं परत आणायचं हे त्यांचं काम. वयानं लहान, पण कुणाच्या भिडेला न पडणाऱ्या. त्यांनी एका पुठ्ठ्यावर हिरवी बरोबरची खूण आणि लाल फुली काढून आणली होती. हो असेल तर हिरवी दाखवायची, नाही असेल तर लाल. मी नेम धरून लालकडे निघायचो आणि बोट हिरवीवर जाऊन बसायचं. जिभेसारखं बोटही फितूर झालं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं, "काकांना रोज तासभर गाणी ऐकवा. त्यानं चमत्कार होत नाही हं. पण लक्ष टिकायला मदत होते, मन खचत नाही. फक्त गाणी त्यांच्या आवडीची पाहिजेत."

"आवडीची काय विचारता मॅडम," शिरीष हसला, "चाळीस वर्षं गाण्यातच गेली अण्णांची!"

आता पोराला काय सांगू? पेढ्याच्या कढईशी उभ्या माणसाला पेढ्याची आवड विचारण्यातला प्रकार. भोंगेवाला गाणं ऐकत नाही. तो खरखर ऐकतो, माइकची शिट्टी ऐकतो, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत आवाज पोचतो का ते ऐकतो. माझं आवडतं गाणं कुठलं, हे मला स्वतःलाच सांगता आलं नसतं. मशीन बंद केल्यावर जी शांतता पडते, ती मला आवडायची. पण ती कॅसेटवर मिळत नाही.

शिरीषनं माळ्यावरचा खोका खाली काढला. मुहूर्ताची सनई, मंगलाष्टकं, आरत्या, वरातीची गाणी. माझ्या धंद्याचा सगळा माल. एका तासानं फायदा होतो तर दिवसभरानं कितीतरी पट होईल, असा त्याचा हिशोब. निम्मं त्यानं मोबाइलवर उतरवून घेतलं, बाकीचं माझ्या जुन्या डेकवर लागायचं. पोरगा वाईट नव्हता. बायकोला आणि लहानग्या सईला चिंचवडला ठेवून, रजा काढून बापाची घाण काढत बसला होता. म्हणून तर त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं. रोज सकाळी दहाला माझं लग्न लागत होतं आणि मला मांडवातून उठता येत नव्हतं.

एका मंगळवारी, मुजावर मॅडम गेल्यावर, तो माझ्या पायाशी येऊन बसला.

"अण्णा, पुण्याजवळ एक केंद्र आहे. असेच सगळे पेशंट राहतात तिथं. व्यायाम, बोलायचे वर्ग, सगळं तिथंच. सहा महिने. पेशंटनं एकट्यानं राहायचं असतं, पण आम्ही दर रविवारी येणार. आई आमच्याकडे राहील. या रविवारी गाडी सांगितलीय. पण तुमच्या मनाविरुद्ध मला काही करायचं नाही. जायचं ना?"

मी होतं नव्हतं तेवढं बळ गोळा केलं. मान हलवायला गेलो तर ती कुठल्या बाजूला हलली ते मलाच कळलं नाही.

"ठीक," मी म्हणालो.

त्यानं माझा पाय दाबला. तोही मेलेला.

"आई, तुझं काय?"

विमल दारात मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"चालंल की," ती म्हणाली.

झालं. दोन म्हाताऱ्यांचा निकाल दोन शब्दांत लागला.

मला जायचं नव्हतं. का, ते सांगतो. घरात विमल होती, आणि विमल माझ्या 'ठीक'वर विश्वास ठेवत नसे. चहा पुढं केला आणि मी ठीक म्हणालो की ती माझ्या डाव्या पायाच्या बोटांकडे बघायची. बोटं आखडली की कप परत न्यायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, मॅडमनासुद्धा नाही. तिकडं तीस खाटांच्या खोलीत माझ्या बोटांकडे कोण बघणार होतं? 'भालचंद्र काकांना सगळं ठीक वाटतं' असं वहीत लिहून ते दिवा घालवणार. मला मरणाचीही एवढी भीती वाटली नव्हती.

बुधवारचा दिवस मी 'न'च्या मागे लागलो. जीभ टाळूला लावायची, नाकातून हवा सोडायची. लहान पोर आधी तेच शिकतं. सनईच्या आडून मी दिवसभर प्रयत्न करत होतो. शिरीषला वाटलं मी गुणगुणतोय.

गुरुवारी दुपारी तो माझे रिपोर्ट आणायला सांगलीला गेला. चारला विमलनं नेमाप्रमाणे डेकवर मंगलाष्टकांची कॅसेट लावली. सावधान म्हणायची वेळ आली आणि फीत अडकली. विमलनं बटण दाबलं. घर शांत झालं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला दिवसा घड्याळ ऐकू आलं.

विमलनं अडकलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळून ठेवली. मग आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक कॅसेट होती, नाव न घातलेली, पिवळी पडलेली.

"आवो, जरा ही लावू का?" तिनं विचारलं. माझ्या पायाकडे बघितलं. "थोडीच हाय."

कॅसेट खरखरली. मग एका माणसाचा आवाज आला, तरणा, गुर्मीतला.

"हॅलो, हॅलो. माइक टेस्टिंग. एक, दोन, तीन, चार…"

तो मी होतो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा. आणि त्याच्या मागोमाग खोलीत आणखी कुणीतरी बोललं, "पाच, सहा, सात, आठ."

विमलनं दचकून डेक बंद केला. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

"तुमी बोललासा?"

"ठीक," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.

तिनं फीत मागं घेतली. पुन्हा माझा तरणा आवाज आला, पुन्हा त्याच्या पाठोपाठ मी बारापर्यंत गेलो, सरळ, एकही अडखळ नाही. तिसऱ्यांदा वीसपर्यंत. विमल तोंडावर पदर धरून हसत होती. तिला असं हसताना मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. मग ती म्हणाली, "ऱ्हावू द्या, दमशीला. आता फुडं ऐका." आणि फीत पुढं चालू दिली.

पुढं बायकांचा गलका होता, बांगड्या होत्या, आणि मग एकटीचा आवाज निघाला. पंचमीच्या फेराचं गाणं. सासरी असलेली बहीण भावाला निरोप धाडते, आणि भाऊ घोड्यावर बसून तिला न्यायला निघतो. वाटेत नदी लागते, रान लागतं. आवाज मोकळा होता, रुंद होता, शेवटच्या रांगेपर्यंत सहज पोचेल असा. विमलचा.

मला सगळं आठवलं. महिला मंडळानं शाळेच्या पटांगणात फेर ठेवला होता आणि माइक मी लावला होता. मशीन नवं होतं म्हणून गंमत म्हणून भरून घेतलं होतं. तेव्हासुद्धा मी आवाज ऐकला होता, गाणं ऐकलं नव्हतं. ट्रेबल जास्त होतोय का, तेवढंच बघत होतो.

गाण्यातला भाऊ गावाच्या वेशीशी आला आणि विमलनं हात पुढं करून डेक बंद केला. घाईनं नाही. अगदी नेमक्या जागी.

मी हातानं खुणावलं, पुढं?

"फुडं सनई हाय," विमल म्हणाली. "दुसऱ्या दिवशी कवलापूरचं लगीन व्हतं न्हवं का. तुमास्नी कोरी कॅसेट घावली न्हाई. हीच घेतलीसा."

घेतली होती. आठवतं मला. तिला म्हणालोही होतो, अगं, तुझं ते गाणं पुसलं गेलं थोडं, चालेल ना? आणि ती म्हणाली होती, चालंल की.

ती कॅसेट तिनं तेव्हापासून ट्रंकेत ठेवली होती. मी दुकानात असताना दुपारी काढून ऐकायची, आणि सनई सुरू व्हायच्या आत बंद करायची. बटणावर तिचं बोट इतकं बसलं होतं की डोळे मिटून बंद केलं असतं.

मी पुन्हा हात हलवला, तिच्या तोंडाकडे बोट केलं. तू म्हण की पुढचं.

तिला कळलं. तिनं कॅसेट डेकमधून काढून हातात घेतली.

"मलाबी येत न्हाई आता. हितवरच ऐकत आली मी. फुडचं इसारलं." मग उठली आणि म्हणाली, "चा ठेवती." मला फार वाईट वाटलं, आणि ते सांगायला माझ्याकडे एकपासून वीसपर्यंत आकडे होते.

शुक्रवारी मुजावर मॅडम आल्या तेव्हा मी त्यांना पन्नासपर्यंत म्हणून दाखवलं. त्या टुणकन उठल्या.

"हे असं असतं. पाठ असलेलं, ओळीनं येणारं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं. काकू, तुम्ही योग्य कॅसेट लावलीत. आता त्या आकड्यांच्या मागून एखादा शब्द निघतो का बघा. बंद पडलेली गाडी ढकलून सुरू करतो ना, तसं. काका, घाई नको. म्हणा, एक दोन तीन, आणि मग जो पाहिजे तो शब्द."

मला कुठला शब्द पाहिजे होता ते विचारायची गरजच नव्हती. पण शिरीष आनंदानं वेडा झाला होता. "म्हणजे बघा, घरच्या घरी एवढं झालं, तर केंद्रात किती होईल! बरं झालं ठरवलं ते." हे ऐकून मला हसावं की उशीवर डोकं आपटावं ते कळेना. बरा होत होतो म्हणून जावं लागणार होतं, आणि झालो नसतो तरी जावं लागणारच होतं.

शनिवारभर मी गाडी ढकलत होतो. एक, दोन, तीन, ठीक. एक, दोन, तीन, चार, ठीक. विमल माझे कपडे घडी करून बॅगेत भरत होती. मधून मधून थांबून माझ्या पायाकडे बघायची. बोटं आखडलेलीच होती. पुन्हा घडी घालायला लागायची. बोलत का नाही ही, असं मला वाटायचं. हिला ठाऊक आहे, मग पोराला सांगत का नाही? मग मला वाटलं, ही बापडी कसं सांगणार, हिनं जन्मात कधी नाही म्हटलंय? हिलाही जायचं नसणार. चाळीस वर्षांचं घर सोडून शिरीषच्या त्या अकराव्या मजल्यावर कुणाला जायचं असतं?

तिथं मला युक्ती सुचली. माझा नकार निघत नसेल तर तिचा काढावा. तिला पोरासमोर एकदा सरळ विचारावं. एकानं नाही म्हटलं की दोघांचं जाणं रद्द. खरं सांगतो, मी तिला विचारायचं ठरवलं ते तिच्यासाठी नव्हतं.

रविवारी सकाळी गाडी दाराशी आली. शिरीषनं मला खुर्चीत बसवून ओट्यावर आणलं. बॅगा डिकीत गेल्या. विमलनं कुलूप हातात घेतलं.

शिरीष माझ्यासमोर उकिडवा बसला. डोळे भरले होते त्याचे. "अण्णा, शेवटचं विचारतो. निघायचं ना?"

"एक," मी म्हणालो. "दोन, तीन, चार, पाच…"

तो थांबला. ड्रायव्हरही बघायला लागला.

"…सहा, सात. वि. विमल."

विमलच्या हातातलं कुलूप तसंच राहिलं. दोन महिन्यांत मी तिला हाक मारली नव्हती.

"विमल," मी पुन्हा म्हणालो. आता तो शब्द माझा होता. "तुला? तुला?"

"आईला विचारताय?" शिरीष म्हणाला. "आई म्हणाली ना अण्णा, चालेल म्हणून."

"म्हनलं व्हतं," विमल म्हणाली. ती ओट्याच्या कडेला बसली, कुलूप मांडीवर ठेवलं, आणि माझ्याकडे बघून बोलायला लागली. शिरीषकडे नाही. "चालंल म्हनलं व्हतं. आता हे इचारत्यात तर सांगती. मला जायाचंय."

मी ऐकत होतो.

"चालंल न्हवं. मला जायाचंय. चाळीस वर्सं भोंगं ऐकलं ह्या घरात, आन आता दोन म्हयनं तुमच्या उशाशी. मला सईजवळ निजायचंय. तितनं खाली काय दिसतंय ते बगायचंय. सकाळी उठून कुनाचं काय करायचं न्हाई, असा एक दीस बगायचाय. तुमास्नी जायाचं न्हाई, मला ठावं हाय. रोज बोटं बगती मी तुमची. तिकडं येकलं पडशीला, त्येबी ठावं हाय. तरीबी मला जायाचंय."

शिरीष तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे बघत होता. "अण्णा? तुम्हाला जायचं नाही? आई काय म्हणतेय? तुम्ही सांगा. नाही म्हणालात तर आत्ता गाडी परत पाठवतो."

आणि तेव्हा 'नाही' आला. कुणी ढकलला नाही, आकडे लागले नाहीत. जिभेच्या टोकावर येऊन बसला, दोन्ही अक्षरांसकट, इतका स्वच्छ की मी नुसतं तोंड उघडलं असतं तरी बाहेर पडला असता.

विमल माझ्या पायाकडे बघत नव्हती. तिनं मान फिरवली होती, रस्त्याकडे.

मी तोंड मिटून घेतलं. दातांवर दात धरून बसलो, तो शब्द आत विरघळेपर्यंत. मग डावा हात शिरीषच्या खांद्यावर टाकला आणि गाडीकडे बघितलं. त्यानं मला उचललं.

सहा महिन्यांचे नऊ महिने झाले. भीती वाटली होती तसंच सगळं होतं तिथं, उगाच खोटं कशाला बोलू. रोज तासभर कानाला हेडफोन लावायचे, आणि माझ्या बोटांकडे कुणीही बघायचं नाही. तिसरा महिना संपता संपता एका दुपारी ताटात सलग चौथ्या दिवशी दुधीची भाजी आली आणि मी मोठ्यानं म्हणालो, "नाही!" सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. तिथल्या मॅडमनी वहीत तारखेसकट लिहून ठेवलं, भालचंद्र काकांचा पहिला नकार. रविवारी विमल आली तेव्हा तिला ते पान दाखवलं. तिनं पेढे वाटले.

ती तारीख तीन महिन्यांनी चुकलेली आहे. ते मी विमलला अजून सांगितलेलं नाही.